विहिरीत फोफावतो, गॅलरीत मरतो

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या नर्सऱ्यांत एक कुंडी हमखास खपते. केसाएवढे बारीक, काळेभोर, चकाकणारे देठ आणि त्यांवर नखाएवढी, कडेला कातरलेली पोपटी पानं. वारा नसला तरी ती हलत असतात. नर्सरीवाला सांगतो, "मेडनहेअर फर्न आहे ताई, इनडोअर. उन्हात ठेवू नका, बाकी काही करावं लागत नाही." गणपतीपर्यंत झाड खुशीत असतं. दिवाळीला पानांच्या कडा तपकिरी होतात, संक्रांतीला निम्मी पानं वाळतात आणि गुढीपाडव्याला कुंडीत उरतो तो काळ्या काड्यांचा झुबका. बोट लावलं की चुरा हातात येतो. आणि घरातला प्रत्येक जण शपथेवर सांगतो, की पाणी रोज घातलं होतं.

आता स्वागत समारंभातून घरी आलेला गुच्छ आठवा. त्यातले गुलाब दुसऱ्या दिवशी माना टाकतात. त्यांच्यामागची हिरवी जाळी मात्र पाण्याशिवाय चार दिवस तशीच असते. फुलवाला तिलाही 'फर्न'च म्हणतो. आणि गावाकडच्या एखाद्या जुन्या, दगडी बांधणीच्या विहिरीत डोकावून पाहा. पाण्याच्या वर हात-दोन हातांवर, चिऱ्यांच्या सांध्यांतून, कुंडीत मेलेल्या झाडाची सख्खी भावंडं झुपक्यांनी लोंबत असतात. त्यांना खत नाही, माती जवळजवळ नाही, आणि माळी तर नाहीच.

इतकी नाजूक दिसणारी वनस्पती एका जागी चिवट आणि दुसऱ्या जागी इतकी हळवी का? अर्धं उत्तर असं, की ही सगळी एकच वनस्पती नाही. उरलेलं अर्धं पाण्यात आहे. आपण कुंडीत ओततो त्या पाण्यात नव्हे, हवेतल्या.

नाव एक, घराणी वेगळी

खरा मेडनहेअर म्हणजे नेच्यांमधली ॲडिएंटम ही प्रजाती. जगभरात तिच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. मराठीत तिला हंसराज म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्यात सर्वांत जास्त दिसतो तो ॲडिएंटम फिलिपेन्स. एका बारीक काळ्या दांडीवर दोन्ही बाजूंना अर्धचंद्राकृती पानं, आणि दांडीचं टोक जमिनीला टेकलं की तिथेच मूळ धरून नवं रोप. ताम्हिणीच्या वाटेवर किंवा लोणावळ्याकडे, रस्त्यासाठी कापलेल्या ओल्या दरडींवर तो ऑगस्टमध्ये सर्रास भेटतो. विहिरीतला आणि धबधब्याजवळचा, जास्त फांद्यांचा, पंख्यासारख्या पानांचा तो ॲडिएंटम कॅपिलस-व्हेनेरिस. याला चुना मानवतो. चुन्यात बांधलेली जुनी विहीर किंवा गळक्या नळाजवळची पांढरट झालेली भिंत म्हणजे त्याचं माहेरघर. हाच वाळवून काष्ठौषधींच्या दुकानांत हंसराज म्हणून विकला जातो, आणि युनानी औषधांत परसियावशान या नावाने वापरला जातो. नर्सरीत मिळतो तो बहुतेक वेळा तिसराच, ॲडिएंटम रॅडिॲनम, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ही तिसरी ओळख लक्षात ठेवा, कुंडीतल्या मृत्यूची चौकशी तिच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

गुच्छातली जाळी मात्र नेचा नाहीच. ती ॲस्परॅगस सेटेशियस, दक्षिण आफ्रिकेतून आलेली, आपल्या शतावरीची बहीण. तिला बारीक पांढरी फुलं येतात आणि नंतर जांभळट-काळी फळं धरतात. नेच्याला जन्मात फूल येत नाही, एवढ्यावरच हा वाद मिटायला हरकत नाही. पण खरी गंमत तिच्या 'पानां'त आहे. आपण ज्याला पान म्हणतो ते हिरवे, सुईएवढे धागे म्हणजे रूप बदललेल्या फांद्या आहेत. तिची खरी पानं इतकी आक्रसली आहेत, की ती बारीक खवल्यांच्या रूपात, त्या धाग्यांच्या बुडाशी, भिंगातूनच नीट दिसतात. फांदी पानापेक्षा पाणी सांभाळून वापरते. म्हणून गुच्छात ती टिकते आणि म्हणूनच कुठलाही फुलवाला खरा हंसराज गुच्छात घालत नाही. घातलाच, तर नवरा-नवरी स्टेजवर पोचायच्या आत तो वळलेला असेल.

आणखी एक नामबंधू म्हणजे गिंको हा वृक्ष. त्याला इंग्रजीत मेडनहेअर वृक्ष म्हणतात, कारण त्याचं पंख्यासारखं पान हंसराजाच्या पर्णिकेची मोठी आवृत्ती वाटते. दोघांच्या पानांत शीर देठातून निघते आणि दर वेळी दोनात फाटत जाते. पिंपळ-वडासारखी मधली मुख्य शीर नसतेच. तरी गिंको नेचा नव्हे; तो बी धरणारा वृक्ष आहे आणि त्याचं नातं सायकस, देवदार यांच्या बाजूला. त्याच्याकडे पुढे परत यावं लागेल.

सिंहगडासारख्या गडांच्या कड्यांवर श्रावणात आणखी एक तोतया दिसतो: थॅलिक्ट्रम डॅल्झेली. पानं इतकी हंसराजासारखी, की फुलं येईपर्यंत चांगले जाणकारही फसतात. मग पाकळ्या नसलेल्या, नुसत्या पुंकेसरांच्या पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि भांडं फुटतं. त्याच्या नावातला डॅल्झेल म्हणजे निकोल डॅल्झेल, गिब्सनसोबत १८६१मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' लिहिणारा. आपल्याकडच्या नेच्यांना मात्र स्वतंत्र ग्रंथ मिळायला १९२२ उजाडलं. मुंबईच्या सेंट झेविअर्स कॉलेजातले फादर एथलबर्ट ब्लॅटर आणि द'अल्मेडा यांचं 'द फर्न्स ऑफ बॉम्बे' त्या वर्षी निघालं. ब्लॅटर पुढे पाचगणीला राहिले आणि १९३४मध्ये तिथेच वारले. नेचे शोधणाऱ्या माणसाने राहायला पाचगणी निवडावी, यात काही नवल नाही.

पाणी चिकटत नाही, पण टिकतही नाही

हंसराजाची फांदी पाण्यात बुडवून बाहेर काढा. पानं कोरडी! पाण्याचे गोल थेंब पानावरून घरंगळून जातात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लोकांनीही हे टिपलं होतं. पानाच्या पृष्ठभागावर मेणाचं अतिसूक्ष्म अस्तर असतं. पाणी त्यावर पसरू शकत नाही.

धबधब्याच्या तुषारांत राहणाऱ्याला याची गरज का पडावी? कारण पान श्वास घेतं ते खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून, पर्णरंध्रांतून. त्यांवर पाण्याचा पापुद्रा चढला, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरायचा मार्ग बंद होतो. हवेत हा वायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. सतत भिजलेलं पान म्हणजे उपाशी पान. त्यामुळे पाण्याच्या सान्निध्यात राहायचं आणि अंगाला मात्र पाणी लागू द्यायचं नाही, हा बंदोबस्त.

इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. पानावर मेण आहे म्हणजे आतलं पाणीही शाबूत राहील असं वाटतं. तसं नाही. निवडुंगाच्या अंगावर जाड थर असतो, तो आतलं पाणी कोंडून ठेवतो. हंसराजाचं अस्तर बाहेरचं पाणी झटकण्यापुरतं आहे. पान स्वतः पेशींच्या मोजक्याच थरांचं, इतकं पातळ की प्रकाशासमोर धरलं तर शिरा मोजता येतात. साठवणीला जागाच नाही. जेवढं पाणी पानातून हवेत जाईल तेवढं त्याच क्षणी खालून यायला हवं, आणि ते येतं केसाएवढ्या देठातून.

आता पुण्याची हवा बघा. जुलैतल्या एखाद्या दुपारी तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के. हवा पानातून पाणी किती जोराने ओढते ते या दोन आकड्यांवरून काढता येतं, आणि हिशेब केला तर एप्रिलची ओढ जुलैच्या दहापट निघते. झाड तेच, देठ तोच, मागणी दहापट. कुंडीत कितीही पाणी ओतलं तरी देठ काही रुंद होत नाही. उलट मुळांशी पाणी तुंबून ती कुजतात, आणि मग आपण म्हणतो, इतकं पाणी घालूनही वाळलं.

बीजधारी झाडांना अशा वेळी एक सोय असते. पाणी कमी पडतंय असं दिसलं की त्यांच्या शरीरात ॲब्सिसिक आम्ल तयार होतं आणि ते पर्णरंध्रांना बंद व्हायचा निरोप देतं. टास्मानिया विद्यापीठातल्या टिम ब्रॉड्रिब आणि स्कॉट मॅकॅडम यांनी २०११मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं, की त्यांनी तपासलेल्या नेच्यांची रंध्रं या निरोपाला दाद देत नाहीत. पेशींतलं पाणी उतरलं की आपोआप मिटतात, एवढंच. इतर शास्त्रज्ञांना हे पूर्ण मान्य नाही आणि वाद अजून चालू आहे. पण नेच्यांकडे पाणी वाचवायची यंत्रणा तुलनेने साधी आहे, याबद्दल फारसं दुमत नाही.

शिवाय एकदा देठातल्या पाण्याच्या सलग धारेत हवेचा बुडबुडा शिरला, की ती नळी बाद. आंब्याचं झाड दर वर्षी खोडात नव्या नळ्या घालतं. हंसराजाचा देठ एकदा तयार झाला की त्यात भर पडत नाही. म्हणून वाळायला लागलेलं पान पाणी शिंपडून परत हिरवं होत नाही. ते गेलं.

उन्हाळा काढण्याच्या तऱ्हा

मग सह्याद्रीतला हंसराज मे महिन्यात काय करतो? काहीच नाही. तो नसतोच. ऑक्टोबर सरता सरता त्याची पानं वाळतात, आणि दरडीच्या फटीत खवल्यांनी झाकलेलं बोटभर खोड तेवढं मागे राहतं. जूनमध्ये पहिले चार पाऊस झाले की त्यातून गुंडाळलेली, तांबूस कोवळी पानं उलगडत वर येतात. ही माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली सर्वांत शहाणी तऱ्हा. उन्हाळ्याशी झुंज नाही, गाव सोडून जाणं.

विहिरीतल्या भावंडाला गाव सोडावं लागत नाही, कारण खाली पाणी आणि वर सावली असलेल्या त्या खोल जागेत बारा महिने पावसाळाच असतो. बाहेर लू वाहत असली तरी पाण्यालगतची हवा गार आणि जवळजवळ ओलीचिंब.

त्यांचाच एक चुलतभाऊ याच्या नेमकं उलट वागतो. गडावर जाणाऱ्या मुलांना तो चांगला माहीत असतो: पानाची खालची बाजू पांढरीशुभ्र, मनगटावर ठेवून थाप मारली की पानाचा पांढरा ठसा उमटतो. हा रुपेरी नेचा. आधी त्याला चायलँथिस म्हणत, आता ॲल्युरिटॉप्टेरिस. हातावर उमटते ती पांढरी पूड म्हणजे पानानेच पाझरलेली मेणचट द्रव्यं. पाऊस गेला की पान आत वळतं, पांढरी बाजू बाहेर येते, ऊन परतवते. याच्या काही जाती जवळजवळ पूर्ण वाळून पुन्हा पाऊस पडला की त्याच पानानिशी हिरव्या होतात. हंसराज आणि रुपेरी नेचा एकाच कुळातले, टेरिडेसी. त्याच कुळातला टेरिस व्हिटाटा पुण्यातल्या जुन्या विटांच्या भिंतींवर आणि सांडपाण्याच्या पाइपांशेजारी उगवतो. लांब, कंगव्याच्या दातांची पानं. त्याला तण समजून उपटतात, पण २००१मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने त्याला जगप्रसिद्ध केलं: तो मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, आणि त्याला काही होत नाही. पाइपामागे उगवलेल्या झाडाकडे इतक्या आदराने बघायची आपल्याला सवय नाही.

नर्सरीतल्या दक्षिण अमेरिकी पाहुण्याकडे यांपैकी एकही विद्या नाही. तो बारमाही हिरवा राहणारा आहे. पानं टाकून निजून राहणं त्याच्या वेळापत्रकात नाही, वळून बसणं त्याला जमत नाही, आणि आपण त्याला ठेवतो ती जागा बिल्डरच्या नकाशात चक्क 'ड्राय बाल्कनी' म्हणून लिहिलेली असते.

कोरडंही हवं, ओलंही हवं

हंसराजाचं पान उलटून पाहा. कडेला ठिकठिकाणी पानाची किनार आत दुमडलेली दिसेल, आणि त्या दुमडीवर तपकिरी, चंद्रकोरीसारखे ठिपके. पुष्कळ जण त्यांना कीड समजून औषध फवारतात. कृपा करून फवारू नका. ती त्याची पुढची पिढी आहे. इतर नेच्यांत असे ठिपके पानाच्या पाठीवर असतात. ॲडिएंटममध्ये ते दुमडलेल्या किनारीच्या आतल्या अंगाला धरतात, आणि हीच त्याची पक्की ओळख.

प्रत्येक ठिपक्यात अनेक इवल्या पिशव्या, बीजाणुकोश. एका कोशात सहसा ६४ बीजाणू. धुळीच्या कणाएवढे. कोशाच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींची एक कमान गेलेली असते. हवा कोरडी झाली की या पेशींतलं पाणी उडू लागतं. उरलेलं पाणी पेशींच्या भिंतींना आत खेचतं, कमान उलट बाजूला वाकते, कोश फाटतो आणि बीजाणूंसकट मागे ओढला जातो. ताण वाढत वाढत अशी वेळ येते, की पेशींतलं पाणीच तुटतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. त्या क्षणी कमान सुटते. अगदी गलोलीसारखी, फक्त गलोलीला रबर अडवायला दुबेळकं असतं, इथे ते नाही. मग बीजाणू उलटे खाली का आदळत नाहीत? २०१२मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एका नेच्याचं अतिवेगवान चित्रण करून याचं उत्तर दिलं. कमान सेकंदाच्या काही लाखाव्या भागांत अर्धवट मिटते आणि तिथे एकदम मंदावते, कारण तिच्या भिंतींतून उरलेलं पाणी सरकायला वेळ लागतो. त्या अडखळण्यात बीजाणू पुढे फेकले जातात, ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगाने.

इथवर कोरडी हवा हवी. पानाला पाणी चिकटू न देण्याचा इथेही फायदाच; भिजलेली गलोल सुटणार नाही.

बीजाणू ओल्या जागी पडला की त्यातून थेट हंसराज उगवत नाही. उगवते ती चार-पाच मिलिमीटरची, हृदयाच्या आकाराची, हिरवी पातळ चकती. शास्त्रज्ञ तिला प्रोथॅलस म्हणतात. तिला देठ नाही, पान नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत. शेवाळ म्हणून आपण ती खरवडून टाकतो. पण नर आणि मादी पेशी तयार होतात त्या तिच्या खालच्या अंगाला. नरपेशी पिळदार असते, तिला पुष्कळ शेपट्या असतात आणि ती पोहते. मादीपेशीपर्यंत पोचायला तिला पाण्याचा सलग पापुद्रा लागतो, दवाएवढा का होईना. वाट कशी सापडते? विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४मध्ये दाखवलं, की नेच्यांच्या नरपेशी मॅलिक आम्लाच्या दिशेने पोहत जातात. सफरचंदाला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. मीलन झालं की चकतीच्या पोटातून पहिलं चिमुकलं पान वर येतं, आणि ती चकती झिजून जाते.

म्हणजे एका हंसराजाच्या आयुष्यात दोन वेगळ्या वनस्पती पाळीपाळीने येतात. एक आपण कुंडीत बघतो ती, दुसरी आपण खरवडतो ती. हा सगळा फेरा नीट मांडला तो विल्हेल्म हॉफमाइस्टर याने, १८५१मध्ये. त्याने विद्यापीठाचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. लाइपझिगला वडिलांच्या संगीताच्या पुस्तकांच्या दुकानात काम करत, पहाटे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याने हे केलं. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती.

आता गिंकोकडे वळू. तो बी धरणारा मोठा वृक्ष. त्याचा परागकण वाऱ्याने मादी झाडावर पोचतो. इतर झाडांसारखंच पुढे सगळं कोरड्यात उरकत असेल, असं सगळ्यांना वाटत होतं. १८९६मध्ये टोकियोतल्या साकुगोरो हिरासे यांनी गिंकोच्या बीजांडाचे छेद घेतले आणि त्यांना आत पोहणारी नरपेशी दिसली. नेच्याला पावसाची वाट पाहावी लागते. गिंको बीजांडाच्या आत स्वतःचं थेंबभर तळं तयार करतो आणि नरपेशी तेवढं अंतर पोहून जाते. पानाच्या आकारावरून मारलेली हाक योगायोगाने एवढी तरी खरी ठरली.

उसना डोळा

विहिरीत हवा ओली हे खरं, पण उजेड? तो फारच थोडा. कमी उजेडात पोट भरायचं तर हिरव्या पेशींतले हरितलवक उजेडाच्या दिशेने सरकवावे लागतात, आणि प्रखर ऊन आलंच तर बाजूला घ्यावे लागतात. बहुतेक वनस्पती यासाठी निळा प्रकाश ओळखतात. जपानमधल्या मासामित्सु वादा यांच्या गटाने हंसराजावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९८मध्ये त्याच्यात एक विलक्षण प्रथिन सापडलं. लाल प्रकाश ओळखणारा एक आणि निळा ओळखणारा एक, असे दोन वेगवेगळे ग्राहक त्यात एकत्र जोडलेले होते. त्याला आता निओक्रोम म्हणतात. अंधुक जागेत उजेडाचा एकही तुकडा वाया जाऊ न देणारा हा डोळा.

तो नेच्यांकडे आला कुठून? २०१४मध्ये निघालेल्या संशोधनानुसार तो त्यांचा स्वतःचा नव्हेच. पावसाळ्यात ओल्या मातीवर वाढणाऱ्या हॉर्नवर्ट नावाच्या, शेवाळाच्या जवळच्या वनस्पतींकडून तो जनुक सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी नेच्यांच्या वंशात शिरला असावा. आईबापांकडून नव्हे, शेजाऱ्याकडून मिळालेली इस्टेट. नेच्याची ती हृदयाच्या आकाराची चकती ओल्या मातीवर उघडी, हॉर्नवर्टला खेटूनच वाढते. देवघेव तिथेच कुठेतरी झाली असेल असा तर्क आहे.

एका डॉक्टरची काचेची बाटली

कुंडीतला हंसराज जगवायची युक्ती मात्र जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे. १८२९च्या सुमारास लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिअल वॉर्ड यांना पतंगाचा कोश उमलताना बघायचा होता. त्यांनी तो ओल्या मातीवर, झाकण लावलेल्या बाटलीत ठेवला. त्यांच्या घराच्या आवारात कोळशाच्या धुराने एकही नेचा जगत नव्हता. बाटलीतल्या मातीतून मात्र एक नेचा आपसूक उगवला आणि पाणी न घालता जवळजवळ चार वर्षं जगला. मातीतून उडालेलं पाणी काचेवर जमायचं आणि परत मातीत उतरायचं. वॉर्डनी पुढे या तत्त्वावर काचेच्या पेट्या केल्या. १८३३मध्ये तशा पेट्यांतून जहाजाने रोपं सिडनीला सुखरूप पोचली, आणि रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधून चहाची रोपं भारतात आणली तीही याच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या कपाशी हंसराजासारख्या नेच्याचा असा लांबचा संबंध आहे.

---

चौकट: कोण कोणता?

*काळा चकचकीत देठ, पंख्यासारखी पानं, दुमडलेल्या किनारीत तपकिरी ठिपके:* हंसराज, खरा मेडनहेअर.

*हिरवे धागे, बारीक काटे, पांढरी फुलं:* गुच्छातला 'फर्न', शतावरीची बहीण. नेचा नव्हे.

*पानाखाली पांढरी पूड:* रुपेरी नेचा. हंसराजाच्याच कुळातला, पण कोरडं सोसणारा.

*पानं हंसराजाची, देठ हिरवा, श्रावणात पांढऱ्या फुलांचे झुबके:* थॅलिक्ट्रम. नेचा नव्हे.

---

तर मग कुंडीचं काय?

जागा बदला. गॅलरीऐवजी न्हाणीघराची उजेडाची खिडकी, किंवा काचेची जुनी बरणी, फिशटँक. बरणीत जाड खडीचा थर, वर कोकोपीट आणि पानांचं खत, आणि झाकण थोडं उघडं. पंख्याखाली आणि एसीसमोर तो एक आठवडाही काढणार नाही. दिवसातून चार वेळा पानांवर पाणी फवारण्याचा उपयोग फारसा होत नाही. पानाला ते चिकटत नाही आणि खोलीतली हवा दहा मिनिटांत पुन्हा कोरडी होते. माती मात्र एकदाही पूर्ण सुकू देऊ नका.

आणि तरी वाळलाच, तर फेकू नका. सगळ्या काड्या मातीलगत कापा, कुंडी सावलीत ठेवा, माती नुसती दमट ठेवा. खोड जिवंत असेल तर पहिल्या पावसाच्या सुमाराला गुंडाळलेले तांबूस कोंब दिसतील. आपल्या डोंगरातला हंसराज दर वर्षी हेच करतो, पाहुण्याला ते सक्तीने करायला लावायचं, एवढंच.

एक विनंती. ताम्हिणी, लोणावळा, भीमाशंकरकडच्या सहलीत हंसराज मुळासकट उपटून पिशवीत घालणारे दर पावसाळ्यात दिसतात. दरडीवरून निघालेलं ते रोप घरी रुजत नाही, आणि दरडीवरची त्याची जागाही जाते. हौस असेल तर ओळखीच्या कुणाच्या कुंडीतलं तपकिरी ठिपके धरलेलं एक पान घ्या आणि कोऱ्या कागदाच्या पुडीत दोन दिवस ठेवा. कागदावर तपकिरी धूळ पडेल. उकळत्या पाण्याने धुऊन गार केलेल्या विटेच्या तुकड्यावर ती भुरभुरा, वीट ताटलीभर पाण्यात ठेवा आणि वर काचेचं भांडं उपडं घाला. काही आठवड्यांनी विटेवर हिरवी झाक येईल. तिला शेवाळ समजून पुसू नका. त्या चकत्यांवर पाण्याचे बारीक तुषार मारा आणि भांडं परत झाकून ठेवा. पहिलं पान यायला काही महिने लागतात.